तीच तीन अक्षरं

मंगळवार, ४ तारीख

आणि बुटांचं काय घेऊन बसलीय ताई? बूट काय मी मिरवायला घेतलेत? कारखान्यात जमिनीवर खिळे पडलेले असतात, ते चपलेतून थेट टाचेत शिरतात, हे तिला तीनदा सांगून झालं. तरी आज फोनवर पुन्हा तेच. म्हणे, बाराशेचे बूट घालणाऱ्या भावाकडे बहिणीचे पैसे तेवढे नसतात, होय रे भिंगरी?

भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी बूड टेकत नव्हतं म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. सातवीत शाळा सुटली तीही त्याच कारणाने. मास्तर म्हणाले, बस, आणि मी निघालो.

मान्य आहे की इकडे शहरात यायला तिनेच चाळीस हजार दिले. शिवणकामाच्या गाळ्यासाठी साठवलेले होते. मान्य आहे की मी सहा महिन्यांत परत देतो म्हणालो होतो आणि आता वर्ष होत आलं. गाळ्याचा मालक तिला म्हणाला, महिनाअखेरीपर्यंत पैसे दिसले नाहीत तर गाळा इस्त्रीवाल्याला देणार. पण मी काय मुद्दाम करतोय? माझाच तीन महिन्यांचा पगार अडकलाय. अडकलेल्या माणसाने सुटे पैसे आणायचे कुठून?

ही वहीसुद्धा तिनेच दिली, रोजचा खर्च लिहायला. खर्च लिहायचा तर आधी करावा लागतो, आणि करायला पैसे नाहीत. म्हणून भांडण लिहितो.

बुधवार, ५ तारीख

आज कारखान्यात नोटीस लागली. कंपनीचं दिवाळं निघणार आहे. शुक्रवारी, साडेदहा वाजता, चहानंतर.

मला वाटलं होतं दिवाळं ही ठेच लागल्यासारखी गोष्ट असते, चालता चालता लागते. पण आमच्या मालकांचं सगळं वेळेवर. माणूस मोठा काटकसरी. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतात, वाकडे खिळे आम्हाला ठोकून सरळ करायला लावतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आमच्या घरात असं कुणी असतं तर आज मी ताईचा देणेकरी नसतो.

आमच्या कंपनीचं नाव सबक. खुर्च्या बनवते. माझं काम पाठीवर लेबल चिकटवायचं : नाव, आणि खाली लाल अक्षरात ‘आजन्म हमी’. दोन वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, हीच कंपनी कसब होती. तिचंही दिवाळं निघालं होतं. तेव्हा मालकांनी गच्चीवरच्या पाटीची तीच तीन लोखंडी अक्षरं उलटसुलट टांगून सबक केलं. नवीन अक्षरं बनवायचा खर्च वाचला.

हे मला ठिणगीने सांगितलं. ठिणगी म्हणजे वेल्डर, माझ्याच खोलीत राहतो, वयाने काका लागेल, पण काका म्हटलेलं त्याला चालत नाही. मी त्याला म्हणालो, बिचाऱ्या मालकांचं दुसऱ्यांदा दिवाळं निघतंय.

तो म्हणाला, “निघत नाहीये, काढतायत. दात पडणं वेगळं आणि दात काढणं वेगळं. पडला की माणूस रडतो. हे बघ कसे दात काढतायत.”

मी बघितलं. मालक खरंच हसत होते. पण चांगल्या माणसाने संकटात हसू नये काय?

शुक्रवार, ७ तारीख

दिवाळं झालं. अकराच्या आत आटोपलं.

सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. बसवलं नाही, खुर्च्या आमच्याच होत्या, कुणाचा भरवसा नव्हता. मालकांशेजारी वकील होते. गोड माणूस. म्हणाले, सबकवर देणी फार झाली, लाकूडवाला, लोखंडवाला, मोडलेल्या खुर्च्यांचे दावे, तुमचे पगार. तेव्हा सबकला आता हात वर करावे लागणार.

आता बाकीचं ते हळू आवाजात बोलले, आणि ‘हात वर’ एवढंच मागच्यांना ऐकू गेलं. पॉलिशवाल्याने हात वर केला. ते बघून पॅकिंगच्या बायकांनी केला. मी तर दोन्ही केले, शाळेत एका हाताला मास्तर विचारायचे नाहीत. ठिणगी तेवढा हाताची घडी घालून उभा. वकिलांनी पटकन हिशेबनिसाला फोटो काढायला लावला.

दुपारी कागद लागला : ‘सर्व कामगारांनी हात वर करून एकमताने संमती दिली आहे.’ खाली फोटो. मी पहिल्या रांगेत, दोन मतं दिल्यासारखा.

संमती कशाला, तर अडकलेले पगार सबककडेच राहतील याला. आणि सबककडे काहीच नाही. सोमवारपासून आम्ही बसक नावाच्या नव्या कंपनीत लागणार, पाटी कोरी. बसक हे नाव मालकांनी स्वतः शोधलं. म्हणाले, यात बसणंही आलं आणि अक्षरंही तीच आली.

कोरी पाटी ऐकायला बरी वाटते. पण माझे पंचेचाळीस हजार जुन्या पाटीवर होते.

सोमवार, १० तारीख

शेडच्या मधोमध पिवळी पट्टी मारलीय. डावीकडे सबक, म्हणजे बुडालेली. तिकडचं सामान कोर्टाचा माणूस येऊन मोजून सील करणार. उजवीकडे बसक, म्हणजे धडधाकट. चांगली यंत्रं सगळी शनिवारीच उजवीकडे सरकलेली आहेत. डावीकडे राहिली मोडकी करवत, माझी शिडी, तीन पायांचं टेबल आणि पाण्याचा माठ.

पाणी प्यायचं तर आता एका कंपनीतून दुसरीत जावं लागतं. हिशेबनीस चिठ्ठी देतो : ‘बसकचा एक कामगार सबकचं एक भांडं पाणी पिण्यास जात आहे.’ पॉलिशवाला चिठ्ठी न घेता गेला तर त्याला विचारलं, तू नक्की कुणाचा? तो म्हणाला, तहानेचा.

माझं काम वाढलं. सबकची लेबलं गरम पाण्याने सोलायची, बसकची लावायची. कित्येक खुर्च्यांवर सबकच्या खाली अजून कसब आहे. ते तसंच राहू दे म्हणाले मालक, पाठ जाड दिसते.

दुपारी मला गच्चीवरची अक्षरं काढायला लावली. कागदावर ती भंगारात विकल्याचं लिहायचं होतं. खोटं नको म्हणून मालकांनी ती मला हातगाडीवर घालून पुढच्या दाराने बाहेर न्यायला, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दाखवायला आणि मागच्या दाराने आत आणायला लावली. किती तो चोखपणा!

पुढच्या दाराशी घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, बसलेले होते. ते वर्षभर येतात. घरून स्वतःचं स्टूल आणतात, आमच्या खुर्चीवर बसत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या दुकानात कसबची खुर्ची होती. एके दिवशी तिचा मागचा पाय निखळला आणि ते मनगटावर पडले. तेव्हापासून हात थरथरतो. बारीक काम होत नाही. दुकान मुलाने मोबाईलच्या कव्हरांचं केलं.

औषधपाण्याचा खर्च द्या एवढंच ते मागतात. हिशेबनीस दर वेळी सांगतो, तुमची तक्रार कसबशी आहे, आणि कसब तर गेली.

आज घड्याळजींनी त्याला विचारलं, “कधी गेली म्हणालात?”

“दोन वर्षं झाली.”

“कळवलं नाहीत. शेवटचं दर्शन तरी घेतलं असतं.”

मला हसू आलं. मग त्यांनी मला माझं घड्याळ मागितलं. ते पाच मिनिटं मागे जातं. झाकण उघडायला त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि तसंच परत दिलं. म्हणाले, पाचच मिनिटं ना, राहू दे.

मंगळवार, ११ तारीख

आज धीर करून वकिलांना विचारलं, आजन्म हमी म्हणजे कुणाचा जन्म? गिऱ्हाइकाचा की खुर्चीचा?

ते इतके खूश झाले की मला चहा पाजला. म्हणाले, मुला, कंपनीचा. कंपनी आहे तोवर हमी आहे. कंपनी गेली की हमी गेली. आणि कंपनी कधी जायची ते आपल्या हातात. हे वाईट नाही, कायद्यात बसतं. देणी एका अंगाला, धंदा दुसऱ्या अंगाला, मग देण्यांचं अंग पाण्यात सोडून द्यायचं.

मी दिवसभर लेबलं सोलता सोलता हाच विचार केला. मी आजवर कर्ज फेडायचं म्हणजे पैसे मिळवायचे असं धरून चाललो होतो. शाळा सुटली की असं होतं.

खोलीवर येऊन ठिणगीला सांगितलं की मीही स्वतःचं दिवाळं काढणार. जुना मी, त्याच्यावर खानावळीचे चार हजार आणि ताईचे चाळीस. तो बुडाला. नवा मी, कोरा. बूट नव्याकडे राहतील.

ठिणगी म्हणाला, आणि अक्कल?

ती जुन्याकडेही नव्हती, असं तोच पुढे म्हणाला. त्याला मोठे विचार झेपत नाहीत.

शनिवार, १५ तारीख

खानावळीच्या मावशींपासून सुरुवात केली. लहान देणं आधी.

जेवण झाल्यावर काउंटरपाशी गेलो आणि वकिलांसारखं हळू आवाजात सांगितलं की मावशी, वाईट बातमी आहे, तुमचं गिऱ्हाईक गेलं. त्या दचकल्या, म्हणाल्या कोण रे? मी म्हणालो, मी. म्हणजे जुना. त्याच्याकडे काहीच शिल्लक निघालं नाही. आता मी नवा आहे, आपली ओळख आजपासून.

त्यांनी हात पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“मग आत्ता जेवलं कोण?”

मी जरा अडखळलो. म्हणालो, जुना. शेवटचं.

“बरं. तो तृप्त होऊन गेला. नव्याने अजून काही खाल्लं नाही ना? मग तो उपाशी झोपू दे. उद्यापासून रोख.”

मागे रांगेत उभी माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, मावशी, माझापण जुनाच लिहा. मी पाणी पिऊन बाहेर आलो. कंपनीला जेवावं लागत नाही, म्हणून तिला हे जमतं असं माझं मत झालंय.

रविवार, १६ तारीख

आज ताईला फोन केला. मावशींकडे सुरुवातच चुकली होती, ताईला नीट समजावायचं ठरवलं होतं. सगळं सांगितलं. कसब, सबक, बसक, पिवळी पट्टी, हात वर. मग माझी पुनर्रचना. हा शब्द वकिलांचा.

मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

आधी तिने माझ्या मालकांबद्दल विचारलं. म्हणाली, माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान बुडालं तेव्हा दोन महिने त्यांनी आरशात तोंड बघितलं नाही, दाढी चाचपून करायचे, गालावर कापलेलं असायचं. तुझे मालक करतात का दाढी? मी म्हणालो, रोज. आणि नवी गाडी घेतली, बसकच्या नावावर.

मग म्हणाली, “म्हणजे माझा भाऊ बुडाला म्हणतोस.”

“जुना. नवा आहे ना.”

“नवा मला नको. तुझ्याकडेच ठेव. माझा होता तो उधळ्या होता, थापाड्या होता, पण पैसे देईन म्हणताना मान खाली घालायचा. तो सापडला तर सांग, ताई वाट बघतेय.”

फोन ठेवला. ती कधी आधी ठेवत नाही. बोलणी खायची तर सगळी खाऊनच सोडते. आज बुटांचा विषयसुद्धा काढला नाही.

मंगळवार, १८ तारीख

काही नाही. महिनाअखेरीला तेरा दिवस राहिले. लेबलं सोलली. एका खुर्चीचं सोलता सोलता कसबपर्यंत पोचलो आणि तिथेच थांबलो. ठिणगी बघत होता. म्हणाला, खुर्चीच्या एका पायाला वेल्डिंगचे चार टाके घालायचे तर मालक एकच घालायला सांगतात. मी एकच घालतो. मग मी जुना की नवा?

मावशींनी मला बाहेर उभा बघून आत बोलावलं. म्हणाल्या, जुन्याचं खातं चालू ठेवलंय, त्याच्या नावावर जेव. जेवलो.

शुक्रवार, २१ तारीख

उद्या बसकचं उद्घाटन. कोर्टाचा माणूसही उद्याच येणार आहे, डावीकडचं सामान सील करायला. वकील म्हणाले बरंच झालं, एकाच चहात दोन्ही.

मला मालकांनी पाटी टांगायला सांगितली. आता शिडी सबककडे. यादीत लिहून झालेली, हलवली तर गुन्हा. म्हणून मी आतल्या जिन्याने गच्चीवर गेलो आणि कठड्यावरून वाकून, मागच्या बाजूने अक्षरं टांगली. पुढे एक नळी आहे, तिला आकडे आहेत. एकेक अक्षर कमरेइतकं उंच. वाऱ्याने ‘स’ हातातून जाता जाता राहिला. पण प्रत्येक अक्षराचं तोंड रस्त्याकडे येईल हे नीट बघितलं. डावीकडून लावत गेलो : ब, मग स, मग क. दोनदा वाचलं. बसक.

काम करताना ताईचंच डोक्यात होतं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलंय, पण कळून करू काय? मान खाली घालणारा भाऊ काही पोस्टाने पाठवता येत नाही.

वरूनच पाटीवर चादर टाकली, दोरी खाली सोडली. उद्या ओढतील. खाली येऊन बघणार होतो पण चादर पडलेलीच होती, बघायचं काय?

शनिवार, २२ तारीख

आज जे झालं त्यात माझी चूक किती हे अजून मोजतोय.

फीत बांधलेली. मालक नव्या कोटात. वकील, हिशेबनीस, आम्ही सगळे. कोर्टाचा माणूस बारीकसा, काखेत बॅग, सारखा शिंकणारा. घड्याळजी दाराशी स्टुलावर. त्यांना आज उठवायचं नाही असं ठरलं होतं, बरं दिसत नाही म्हणून.

मालक बोलले : जुनं सगळं संपलं, त्यातला खिळाही आता आमच्याकडे नाही, ही अगदी नवी सुरुवात. टाळ्या. त्यांनी दोरी ओढली. चादर सुटली आणि वकिलांच्या डोक्यावर पडली. त्यामुळे ते सोडून सगळ्यांनी एकदमच वाचलं.

कसब.

मी वर मागे उभा होतो ना. माझी डावी ती रस्त्याची उजवी. हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं.

वकील चादरीतून बाहेर यायला धडपडत होते. तेवढ्यात घड्याळजी उठले. त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं, चांगले उंच आहेत. पाटीखाली गेले, टोपी काढली आणि वर बघून विचारलं, “आहात होय? मला म्हणाले गेलात.”

मग खिशातून हमीचं कार्ड काढलं आणि कोर्टाच्या माणसाला दिलं. तो म्हणाला, हे काय? घड्याळजी म्हणाले, आजन्म हमी आहे. जन्म अजून चालू दिसतोय.

मालक म्हणाले छे छे, ही बसक आहे, अक्षरं चुकून पुढेमागे झाली. कोर्टाचा माणूस शिंकला. म्हणाला, ठीक आहे, पण अक्षरं कुणाची? मालक म्हणाले नवीन बनवून घेतली, भरपूर खर्च आला. तो म्हणाला, मग गंजलेली कशी?

आता मालकांचा घामाने कोट चिकटलेला. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक पाकीट वाया घालवलं नाही, त्याला चारचौघांत उधळ्या म्हणवून घ्यावं लागत होतं, आणि तेही माझ्या चुकीमुळे. उधळ्या म्हणवून घेणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मी पुढे झालो.

“नवीन कुठली साहेब, तीच आहेत. मालक काही वाया घालवत नाहीत. कसबची तीच, सबकची तीच, बसकचीही तीच. कागदासाठी मीच भंगारात नेली आणि मीच मागच्या दाराने आणली. यंत्रंही तीच, फक्त पट्टीच्या अलीकडे घेतलीत.”

ठिणगी मोठ्याने हसला. दुसरं कुणी नाही. वकील चादरीतून बाहेर आले होते. माझं ऐकून त्यांनी चादर पुन्हा डोक्यावर घेतली असं पॉलिशवाला म्हणतो, पण तो वाढवून सांगतो.

कोर्टाच्या माणसाने बॅग उघडली, लिहायला बसायला जागा मागितली. हिशेबनिसाने खुर्ची पुढे केली. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग घड्याळजींकडे. घड्याळजींनी स्वतःचं स्टूल दिलं.

सोमवार, २४ तारीख

मला कामावरून काढलं. म्हणजे काढायचं ठरलंय, पण कोणी काढायचं यावर एकमत नाही. बसक म्हणते हा सबकचा माणूस. सबककडे काढण्याचा अधिकार नाही, ती बुडालेली आहे. आणि पाटीवर अजून कसब आहे, तिला कुणी हात लावायचा नाही असा कोर्टाच्या माणसाचा हुकूम. मी दुपारपर्यंत पिवळ्या पट्टीवर उभा राहिलो आणि मग खोलीवर आलो.

मालक मला बघून एवढंच म्हणाले, तुला मी मुलासारखं वागवलं. मी म्हणालो, हो, पगार कुठे दिलात. मला तसं बोलायचं नव्हतं, ते खरंच निघालं तोंडातून. काढलं नाही, निघालं.

गुरुवार, २७ तारीख

वकील आज खोलीवर आले, चालत. सबकचे सगळे कामगार त्यांनी असेच गाठलेत. कोर्टाचा माणूस सोमवारी अहवाल देणार, त्याआधी कामगारांची तक्रार नाही असं दिसलं पाहिजे म्हणे. तीनपैकी दोन महिन्यांचा पगार आत्ता रोख घ्या, तिसरा आणि ओव्हरटाइम विसरा.

ठिणगी म्हणाला, तीनही द्या. ते म्हणाले, नाहीत. ठिणगी म्हणाला, गाडी विका. ते म्हणाले, गाडी बसकची. ठिणगीने सही केली नाही. तो म्हणाला मी कोर्टातच घेईन, आणि एका टाक्याचंही तिथेच सांगेन.

मी तासभर बसून होतो. मीही ठिणगीसारखं करायला हवं होतं हे मला कळतं. पण महिनाअखेर सोमवारी आहे आणि इस्त्रीवाला शनिवारीच गाळा बघून गेला असं तिकडून कळलं. मी घेतले. तीस हजार. तक्रार नाही असं लिहिलेल्या कागदावर सही केली. या वेळी हात एकच होता आणि तो वर नव्हता.

वकील जाताना म्हणाले, तू शिकला असतास तर मोठा झाला असतास. बहुतेक कौतुक होतं.

घड्याळजींची तारीख पडलीय. कसब जिवंत की मेलेली हे कोर्टच ठरवणार. ते तोवर रोज येणार, म्हणतात कंपनीला आता एकटं सोडणं बरं नाही.

शनिवार, २९ तारीख

सकाळी मावशींचे चार हजार दिले. त्यांनी मोजले आणि म्हणाल्या, जुन्याला सांग, भला माणूस होता. मी म्हणालो, आहे अजून. मग म्हणाल्या, बस, वाढते.

ठिणगी रस्त्यावर, भाजीच्या गाड्यांच्या कडेला, खुर्च्या दुरुस्त करायला बसणार आहे. एका पायाला चार टाके. कसबच्या, सबकच्या, सगळ्या. सोमवारपासून मी खुर्च्या धरणार, तो जोडणार. गिऱ्हाईक कमी पडणार नाही, आम्हीच बनवून ठेवलंय. पाटीचं मात्र त्याने मला करू दिलं नाही.

ताईला फोन केला. म्हणालो, सापडला.

ती म्हणाली, कोण?

मी म्हणालो, उधळ्या. मान खाली आहे, तुला दिसत नाही एवढंच. चाळीस नाहीत, कमी आहेत. उरलेले देईन, कधी ते या वेळी सांगत नाही.

ती मग म्हणाली, गाळेवाल्याशी बोलते, अर्धे दिले तर अर्धं शटर तरी उघडेन. ब्लाऊज काय खालून वाकूनही देता येतात. आणि जेवलास का?

तेवढ्यात ठिणगी आला, बूट घालून. त्याला होतात, थोडे चावतात. बाराशेचे नऊशेला दिले. मी चपलेवरच आहे, रस्त्यावर खिळे कमी असतात. ताईला हे सांगितलं नाही. पण रक्कम बघितली की वरचे नऊशे कुठून आले ते तिला बरोबर कळेल.

पैसे पाठवायचं दुकान उघडलं, जाऊन येतो. ताईला पाठवतोय : सव्वीस हजार नऊशे.